अकरा कोंबड्यांना दोन वेढे वावडिंग

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शके १८०८, सकाळी सात वाजता शेजारच्या एमिलियाबायने माझ्या ताब्यात दिले ते येणेप्रमाणे: कोंबड्या अकरा, त्यांपैकी एक खुडूक, कोंबडा एक, लाकडी खुराडे एक, त्याची खालची बिजागरी निखळलेली, बांबूची डालगी दोन, पाण्याची मातीची परळे तीन, पैकी एक चिरलेले, आणि तांदळाच्या कण्या अंदाजे दीड पायली. ‘अंदाजे’ असे लिहावे लागते याचे मला आजही वाईट वाटते. मी मापून घेणार होतो. पण खाडीतून वसईला जाणारी होडी भरतीबरोबर सुटायची होती आणि नाखवा दोनदा हाक मारून गेला होता.

कोंबड्यांची नावे तिने धक्क्याकडे जाता जाता सांगितली. जी कोंबडी ज्या गावाहून आणलेली, तिला त्या गावाचे नाव. उत्तन, मनोरी, गोराई, माहीम, मढ, अशी सबंध किनारपट्टी त्या अंगणात दाणे टिपत असे. कोंबड्याचे नाव आधी ‘पाद्री’ होते. खऱ्या पाद्रींनी हरकत घेतल्यापासून त्याला नुसते ‘तो’ म्हणत.

“मास्तर, अकरा देते, अकरा घेईन,” होडीत पाय ठेवताना ती म्हणाली. “ज्युलियानाचं पयलं बाळंतपन हाय, नायतर ह्यांना टाकून मी कुठं गेले नसते. पोरगी वसईला, नवरा मातीत. माझं घर म्हंजे हीच.”

“मेलेल्यांच्या सणाआधी परत याल ना?”

“येनार. कबरीवर मेनबत्ती लावायला मी नाय तर कोन?”

होडी सुटली. तेवीस-चोवीस दिवसांचा प्रश्न होता. मी मुंबईच्या विद्यापीठाची शास्त्रविषयाची पदवी घेऊन ठाण्यात मास्तरकी करीत होतो. चोवीस दिवस अकरा कोंबड्या जिवंत ठेवण्यासाठी पदवी लागत नाही, ती आड न आली म्हणजे झाले, हे मला तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

तिने हे काम मलाच का सांगितले आणि मी नाही का म्हटले नाही, याला कारण होते. मागच्या वर्षी मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी ताप उतरला तेव्हा मीही जवळजवळ त्याच्याबरोबर उतरलो होतो. डॉक्टरांनी माझ्या आत्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात कोंबडीचा रस्सा घ्यायला सांगितले. आमच्या घरात चातुर्मास्यात कांदा-लसणाचे नावही निघत नाही आणि आत्याने तर वैधव्य आल्यापासून, म्हणजे माझ्या जन्माआधीपासून, लसणाला हात लावलेला नाही. तेव्हा रोज दुपारी आत्या पोथी वाचायला बसली की कुंपणापलीकडची एमिलियाबाय मागच्या खिडकीतून कल्हईचा पेला आत सरकवी. सतरा दिवस, सतरा पेले. आत्याला सांगितले होते की ते इस्पितळाचे औषध आहे. त्या सतरा पेल्यांपायी किती कोंबड्या गेल्या हे मी एमिलियाबायला विचारले नाही. मी हौसेने न विचारलेला हा बहुधा एकच आकडा.

पहिल्या दिवशी मी अंगण सुधारले. बिजागरी बसवली, खुराड्याला चुना दिला, आणि कोपऱ्यात राखेने भरलेला एक गलिच्छ खड्डा होता तो बुजवून वर माती चोपली. कोंबड्या भोवती उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्या नजरेचा अर्थ मी कौतुक असा केला.

इतक्यात विठ्ठलराव आले. विठ्ठलराव आमचे घरमालक. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत निघालेले. तीस वर्षे लोकांचे अर्ज वाचल्यावर आता आपल्याला कुणी अर्ज करीत नाही, ही त्यांची व्यथा होती.

“मास्तर, ताबा घेतलात. पावती दिलीत का?”

“कोंबड्यांची?”

“कोंबड्यांचीच. उद्या एक कमी भरली म्हणजे काय दाखवाल?”

“कमी कशाला भरेल?”

 विठ्ठलराव नुसते तपकीर ओढून हसले. त्या हसण्याबद्दल मी पुढे त्यांच्यावर आठ दिवस रागावलो होतो, आता नाही.

तिसऱ्या दिवशी मी शाळेचे भिंग आणून पाहणी केली. प्रत्येक कोंबडीच्या शेपटीखालची दहा पिसे तपासली. उवा सरासरी चार. चार दिवसांनी पुन्हा तपासली: सरासरी अकरा. अंगण इतके स्वच्छ केल्यावर उवा वाढाव्यात हे मला समजेना. माझ्याजवळ कोंबड्यांवर एक विलायती पुस्तक होते. त्यात म्हटले होते की अमुक भार तंबाखू तमुक भार पाण्यात उकळून त्या काढ्याने पक्ष्याला स्नान घालावे. मी प्रमाण गुंजेपर्यंत सांभाळले. एवढेच झाले, की पुस्तकातली तंबाखू विलायती होती आणि मी आणली ती बाजारातली काळी, जिची चिमूट दाढेखाली धरली तर आमचे हेडमास्तरसुद्धा भिंतीला टेकतात.

रविवारी दुपारी अकराही जणींना स्नान घातले. मला प्रत्येकीनंतर आंघोळ करायची होती. तो आत्याचा नियम. पुढे तडजोड होऊन शेवटी एकच करायची ठरले. चार वाजता अंगण शांत झाले. गोराई कुंपणाला टेकून उभी होती. माहीम आपल्याच पायांकडे पाहत होती. ‘तो’ खुराड्यावर चढला, मान वर केली, काय म्हणायचे होते ते विसरला आणि खाली उतरला.

उत्तन उठलीच नाही. मी तिला मांडीवर घेऊन बसलो, पाणी घातले, वारा घातला. पाच वाजून वीस मिनिटांनी ती माझ्या हातात गेली. वहीत मी लिहिले: ‘उवा शून्य. कोंबड्या दहा.’ लिहिले आणि मग वही मिटून शेवग्याखाली खड्डा खणायला गेलो.

घरी आलो तेव्हा आत्याने विहिरीवरच कळशी भरून ठेवली होती.  जेवताना भातावर तूप दोनदा वाढले. आमच्याकडे एवढे तूप सणाला किंवा परीक्षा बुडाल्यावरच वाढतात.

अकरा देते, अकरा घेईन. हे शब्द काही डोक्यातून जाईनात. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सकाळच्या गाडीने कल्याणला गेलो. खिशात उत्तनचे एक पीस होते, रंग जुळवण्यासाठी. बाजारात हौसाबाई नावाची बाई टोपलीभर कोंबड्या घेऊन बसली होती. मी पीस काढून एकेकीच्या पाठीवर लावून पाहू लागलो.

“काय रं बाबा, कोंबडी घेतूस का लुगडं?” ती म्हणाली.

“याच रंगाची पाहिजे.”

“रंगाला काय चाटायचंय? चोच बघ, डोळं बघ, मागनं उचलून बघ!” तिने शेजारणीला हाक मारली. “अगं ए, हे बघ, बामन कोंबडीला नवरीवानी पसंत करतोय, आन त्येबी नुस्तं गोऱ्या-काळ्यावर!”

आसपासच्या चार बाया हसल्या. अपमानाच्या भरात मी डोळे, चोच आणि मागचा भाग यांपैकी काहीच पाहिले नाही. रंग मात्र हुबेहूब जुळला होता. हौसाबाईचा मी आभारी आहे. तिने मला नेमके काय पाहायचे ते तिन्ही सांगितले होते.

नवी कोंबडी मी थेट इतरांत सोडली. तीन दिवसांनी तिच्या घशातून घरघर ऐकू येऊ लागली. ती मान लांब करून चोच उघडी टाकी आणि जांभई द्यावी तशी हवा ओढी. पाचव्या दिवशी मनोरी तसेच करू लागली, सहाव्या दिवशी मढ आणि गोराई. सातव्या दिवशी दहा जुन्यांपैकी सहा जणी तोंडे वासून बसल्या होत्या. नव्या जनावराला काही दिवस वेगळे ठेवावे, हे माझ्या विलायती पुस्तकाच्या बाराव्या प्रकरणात होते. मी नवव्यापर्यंत आलो होतो.

मी कारण शोधायला बसलो, शब्दशः बसलो. रोज सकाळी भिंग आणि काडी घेऊन अंगणात उकिडवा बसून मी एकेकीची शीट तपाशी. शीट पातळ होती आणि तीत जंत होते: पांढरे, सुतासारखे, लांबी दीड ते अडीच बोटे. मोजण्यात मी इतका गढलो की कुंपणाशी कुणी उभे आहे हे मला कळले नाही. हेडमास्तर होते. बरोबर शाळा पाहायला आलेले पुण्याचे पाहुणे होते.

“हे आमचे शास्त्राचे शिक्षक,” हेडमास्तर म्हणाले. मग थोडे थांबून, “सुट्टीच्या दिवशी.”

जंतांवर पुस्तकात जुलाबाचे कडू मीठ सांगितले होते. इस्पितळातल्या कंपाउंडरने वही चाळून सांगितले की ते माणसांसाठी आहे. जनावरांचे औषध पलटणीच्या घोड्यांच्या डॉक्टरांकडे. तिथल्या हवालदाराने घोडा आणायला सांगितले. मी म्हटले, घोडा नाही, कोंबडी आहे. तो म्हणाला, मग कोंबडीच्या डॉक्टराकडे जा. त्याचे म्हणणे तसे योग्य होते.

आणि मग मला कल्पना सुचली. ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने अजूनही निर्दोष आहे. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर खाडीकाठी मिठागरे आहेत. मागच्या हंगामातल्या मिठाच्या राशी तिथे गवताने शाकारून ठेवलेल्या असतात, आणि राशींच्या तळाशी एक कडू पाणी पाझरत असते. मीठ निघून गेल्यावर उरते ते हे, यात जुलाबाच्या मिठाचाच अंश असतो. हे पाणी आटवले, नीट निवळून घेतले, की कडू मीठ हाती! तीन दुपारी मी घागर घेऊन राशीखालचे पाणी धरून आणले आणि एमिलियाबायच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून ते आटवू लागलो. सव्वाचार तोळे पांढरी पूड निघाली. मी मनोरीला काखेत धरून पहिला डोस मोजत होतो, तोच धोंडीबा आला.

धोंडीबा मिठाच्या खात्याचा शिपाई. राशींवर पहारा करणे हे त्याचे काम. आपला जानवेवाला मास्तर भर दुपारी घागर घेऊन राशीखाली बसतो हे त्याने तीन दिवस पाहिले होते, आणि पहिले दोन दिवस त्याला वाटले होते की हा काही विधी असावा.

“मास्तर, हे काय शिजवताव?”

“औषध.”

“पांढरं दिसतंय.”

“हो.”

“खारं हाय?”

“थोडं.”

धोंडीबाने पागोटे सरळ केले. “मग हे मीठ हाय. आन परवान्याबिगर मीठ केलंव तर गुन्हा हाय.”

पंचनामा झाला. मिठागरांवरच्या अंमलदाराला सरकारकून म्हणत. ते स्वतः आले. त्यांनी सांगितले आणि पंच म्हणून बोलावलेल्या विठ्ठलरावांनी अत्यंत आनंदाने लिहिले: ‘तांब्याची घागर एक, काठावर पोचा; चुलीचे दगड तीन, उष्ण; पांढरा खारट पदार्थ सव्वाचार तोळे; कोंबडी एक, घरघर करणारी, आरोपीच्या काखेत.’ कोंबडी काखेत सापडली म्हणून तीही मुद्देमालात गेली. मनोरी दोन दिवस कचेरीच्या टेबलाच्या पायाला बांधलेली होती.

“आरोपी नका लिहू,” मी विठ्ठलरावांना हळूच म्हटले.

“लेखी हरकत घ्या,” ते म्हणाले. “मी मसुदा करून देतो.”

त्यांनी खरोखरच केला. साडेचार पानांचा अर्ज. त्यात माझी पदवी, माझ्या वडिलांची नोकरी आणि एमिलियाबायच्या मुलीचे बाळंतपण हे सगळे होते. तिसऱ्या पानावर कोंबडीच्या आतड्याचे वर्णन होते, ते मी तोंडी सांगितलेले त्यांनी जसेच्या तसे घेतले होते. माझ्या वतीने इतकी मेहनत पूर्वी कुणी केली नव्हती. त्या रात्री ते जेवले नाहीत असे त्यांच्या घरून कळले.

सुनावणीच्या दिवशी सरकारकुनांनी पुडी तराजूत टाकली. सव्वादोन तोळे भरली.

“पंचनाम्यात सव्वाचार आहे,” ते माझ्याकडे पाहून म्हणाले. “दोन तोळे कुठे गेले?”

 टेबलाखालून मनोरीची घरघर तेवढी ऐकू येत होती. विठ्ठलरावांचा चेहरा पांढरा पडला. मुद्देमालात घट म्हणजे काय याची त्यांना तीस वर्षांची कल्पना होती.

“धोंडीबाला बोलवा.”

धोंडीबा दोन दिवस कामावर नव्हता. तो भिंतीचा आधार घेत आला. डोळे खोल गेले होते.

“सायेब,” तो म्हणाला, “खातरी कराया चिमूटभर चाखलं. खारट लागलं, कडूबी लागलं. म्हनून आनखी चाखलं. मीठच हाय असं पक्कं व्हावं म्हनून मंग मूठभर…”

“आणि?”

धोंडीबाने कचेरीतल्या सगळ्यांकडे एकेकदा पाहिले. “सायेब, हे मीठ नाय. मीठ असं करत नाय.”

सरकारकुनांनी लेखणी उचलली आणि लिहिले की सदर पदार्थ खाण्याचे मीठ नसल्याचे शिपाई धोंडीबा याच्या अनुभवावरून सिद्ध होते, सबब प्रकरण बंद. साडेचार पानांचा अर्ज त्यांनी उलगडलादेखील नाही. विठ्ठलरावांना ते फार लागले; मी त्यांच्याकडून त्याची नक्कल मागून घेतली आणि ती माझ्याजवळ आहे. माझ्या सुटकेचे खरे उपकार मात्र धोंडीबाच्या पोटाचे. मी त्याला घरी बोलावून आत्याच्या हातचे ताक-भात दिले.

मनोरीला तोच घेऊन आला होता. अंगणात उभा राहून त्याने चारी कोपरे पाहिले.

“मास्तर, हितं राखेचा खड्डा व्हता ना?”

“होता. मी बुजवला.”

“का?”

“घाण होती.”

“अवो, ती ह्यांची न्हानी!” धोंडीबाने कपाळावर हात मारला. “कोंबरी राखेत लोळते, उवा मरतात. बाय त्यात लिंबाचा पालाबी टाकायची. तुमी न्हानी बुजवलीव आन मंग उवा मोजत बसलाव?”

मी वही काढली, पहिल्या दिवसाची नोंद वाचली आणि कुदळ आणायला गेलो. शेवग्याच्या बाजूला मी पाहिले नाही.

राखेच्या खड्ड्याने उवांचा प्रश्न सुटला. पण घशातली घरघर वाढतच होती. सात जणी दाणा टिपेनात. छातीचे हाड हाताला लागू लागले. दिवाळी सरली. घागर आणि औषधाची पुडी अजून कचेरीतच होत्या, कारण मुद्देमालाच्या कोठडीची किल्ली असलेले कारकून सणाला गावी गेले होते. वसईहून निरोप आला: मुलगा झाला, दोघे सुखरूप, बाय पाच दिवसांत येते. निरोप आणणाऱ्या खलाशाने तिचे शब्दही सांगितले: “मास्तराला सांग, कोंबऱ्या बघायला जीव लागलाय.”

त्या संध्याकाळी मी खुराड्यापुढे नुसता बसून होतो. मोजण्यासारखे काही उरले नव्हते. कुंपणापलीकडून आत्याचा आवाज आला.

“मध्या, ती कोण घरघरतेय?”

“गोराई.”

“घशाशी कफ आहे. पोटात जंत असतील. मागून ओली आहे?”

“आहे.”

“भूक?”

“नाही.”

“अरे, मग बाळाला करतात तेच करायचं! अकरा लेकरं वाढवली मी ह्या घरात, तू अकरावा. तुझ्या पोटात काय कमी जंत होते? वावडिंग दिलं होतं मी. इतके दिवस घरी नुसता न्हायला येतोस, विचारावंसं नाही वाटलं?”

मला खरोखर वाटले नव्हते. घरातली गुटी हे मी औषध म्हणून कधी पाहिलेच नव्हते.

आत्याने सहाण आणली आणि कुंपणाच्या आपल्या बाजूला मांडली. “मी शिवणार नाही हं. मी उगाळून देते, तू पाज. वावडिंग दोन वेढे.”

“वेढा म्हणजे किती?”

“वेढा म्हणजे वेढा. सहाणेवर एकदा गोल.”

“पण किती गुंजा?”

आत्याने मला शाळेचा तराजू आणू दिला. मी उगाळलेले दहा वेढे वाळवून वेगवेगळे वजन केले: अर्ध्या गुंजेपासून अडीच गुंजेपर्यंत वाटेल ते. तिने उगाळलेले दहा केले. दहाही एक गुंज. पुन्हा केले, पुन्हा एक. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत इतका स्थिर हात पाहिलेला नाही आणि हे तिला सांगितले. ती म्हणाली, “बोलू नकोस, पाज.”

मी पद्धतशीर विचार करून सुचवले की अर्ध्या कोंबड्यांना औषध द्यावे आणि अर्ध्यांना देऊ नये, म्हणजे गुण वावडिंगाचा की आपोआप आला हे ताडून पाहता येईल.

“अर्ध्या लेकरांना औषध द्यायचं आणि अर्धी मरताना बघत बसायचं?” आत्याने वावडिंग सहाणेवर आपटले. “ह्यालाच शास्त्र म्हणतात काय रे तुमच्यात? आण सगळ्या!”

तेवढ्यात मढ माझ्या हातातून सुटली. कुंपणाच्या फटीतून पलीकडे शिरली आणि सहाणेवर पाय देऊन सरळ आत्याच्या अंगावर. आत्याने तिला दोन्ही हातांनी धरले.  आत्याने कोंबडीकडे पाहिले, कोंबडीने आत्याकडे. आत्याने निवांतपणे तिची चोच उघडली, करंगळीने औषध आत लोटले, गळ्यावरून अंगठा खाली ओढला आणि ती गिळेपर्यंत थांबली.

“आता शिवलेच आहे,” ती म्हणाली, “तर सगळ्या इकडेच आण. न्हायचं ते एकदाच.”

त्या संध्याकाळी आणि पुढचे तीन दिवस आत्याने अकराही जणींना, आणि ‘तो’ धरून बारांना, हाताने गुटी पाजली. घशासाठी लसूण हवी होती. आत्या म्हणाली की चातुर्मास्य आपल्याला आहे, कोंबडीला नाही. पण लसूण तिकडच्या अंगणात ठेचायची आणि वारा इकडे नसताना. ठेचलेली लसूण कुंपणावरून आत्यापुढे करताना मी कचरत होतो. ती सहज म्हणाली, “घाबरतोस कशाला? तुझ्या त्या इस्पितळाच्या औषधातही हीच होती. मिरीसुद्धा जरा जास्तच पडायची. माझं नाक शाबूत आहे, मध्या. पेला सरकला की मी पोथीचा अध्याय एकेक पान जास्त वाचायची. संपेपर्यंत.”

 मी मनोरीला पुढे केले.

दुसऱ्या दिवशी शिटेत जंत मोजले: एकशे एकोणीस. तिसऱ्या दिवशी एकेचाळीस. चौथ्या दिवशी तीन, आणि गोराईने दाणा टिपला.

पाचव्या दिवशी भरतीबरोबर एमिलियाबाय आली. बोचके खाली न ठेवता ती अंगणात शिरली, जीभ टाळूला लावून आवाज केला, तशा सगळ्या धावल्या. तिने एकेकीला उचलले. गळा चाचपला, पंख उघडला, पाय पाहिला, खाली ठेवले. दहा झाल्या. अकरावीला उचलली आणि तशीच धरून उभी राहिली.

मी रात्रभर पाठ केलेले सगळे विसरलो. “ही उत्तन नाही,” मी म्हणालो. “उत्तन माझ्या हातून गेली. तंबाखू जहाल होती. ही कल्याणची. आजार हिनेच आणला, म्हणजे मीच आणला. तुम्ही अकरा दिल्यात. मी दहाच देतोय.”

तिने ती कोंबडी काखेत धरली. “कुठं पुरलीस?”

मी शेवगा दाखवला. ती तिथे जाऊन उभी राहिली, क्रूस केला, परत आली.

“माझ्या हातून सतरा वरसांत किती गेल्या, मी मोजल्या नाय,” ती म्हणाली. “तू एक मोजलीस. ऱ्हाऊ दे.” मग कल्याणच्या कोंबडीला तिने तोंडासमोर धरले. “रंग तर बरा उचललास. पन उत्तनचा डावा पाय पिवळा, उजवा काळा. तुला दिसला नाय? येवढं भिंग घेऊन?”

मला दिसला नव्हता.

आत्या कुंपणाशी आली होती. शेजारशेजारच्या त्या दोन बायका बारा वर्षांत माझ्या माहितीप्रमाणे थेट बोललेल्या नव्हत्या. आत्याने पदर सावरला.

“नातू झाला म्हणे?”

“हाव. पन रडतो लय. पोटात मुरडा येतो. ज्युलियाना उद्या येतेच त्याला घेऊन.”

“रोज उजाडता येऊन ने. वेखंडाचा अर्धा वेढा, मुरडशेंगेचा एक. उगाळून मी देईन.” आत्याने माझ्याकडे बोट केले. “ह्याच्या हातचं नको. ह्याचा वेढा कधी अर्धा, कधी अडीच.”

“मंग उद्या आनतेच त्याला,” एमिलियाबाय म्हणाली. “तुमीच बघा एकदा त्याला.”

“बघते की. आण.”

पुढे दोघींचे बोलणे बाळंतिणीच्या शेकशेगडीवर गेले आणि मला तिथून जायला सांगण्यात आले. एमिलियाबायने कल्याणच्या कोंबडीला नाव ठेवले ‘मास्तरीण’. मी हरकत घेतली नाही, लेखीसुद्धा नाही.

कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुंपणावरून माझ्या हातात एक अंडे ठेवले, अजून गरम. “मास्तरणीचं पयलं,” ती म्हणाली.

शाळेत जाऊन तराजूवर वजन केले. टरफलासह तीन तोळे पाच मासे.